तेल मागणारा आवाज

दिवाळीला माहेरी गेले की एक रात्र तरी मी धाकट्या भावाबरोबर मळ्यात काढते. शेतीपंपाची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की जेवण उरकून, डोक्याला मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन निघायचं, मोटार सुरू करायची आणि पहाटेपर्यंत ठिबकचे कॉक बदलत बसायचं. गेल्या दिवाळीत आम्ही दोघं केळीच्या बांधावर गोणपाट टाकून बसलो होतो. भावाच्या उजव्या कानात इयरफोन होता, डावा कान मोकळा. काय ऐकतोस म्हणून विचारलं, तर त्याने दुसरी गुंडी माझ्या कानात दिली. नारायण धारपांची गोष्ट चालली होती. वाचणारा गृहस्थ सावकाश, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा वाचत होता, आणि गोष्टीतला माणूस रिकाम्या घराचा जिना चढत होता.

"एकच कान का रे?" मी विचारलं.

"मोटारीचा आवाज बदलला तर कळायला पाहिजे ना ताई. आणि जनावर आलं तर."

रात्री आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत.

केळीच्या बागेत रात्री बसलेल्याला ठाऊक असतं की ती बाग कधीच गप्प नसते. वाळलेली पानं एकमेकांवर घासतात, तेव्हा कुणीतरी सुती धोतर नेसून सरीतून चालत यावं तसा आवाज होतो. दव पानावरून पानावर टपकतं. आत वारा शिरत नाही आणि तरीही एखादंच पान हलतं. गोष्टीतला जिना संपला, दार उघडलं, आणि नेमकं तेव्हाच मागे पान वाजलं. मी भावाचा दंड धरला. तो हसला, पण बॅटरी त्यानेही लावली.

त्या रात्रीपासून हा विषय डोक्यात आहे. कानांनी ऐकलेली भयकथा एवढी अंगावर का येते, तिचा आपला असा हंगाम कोणता, आज मराठीत काय ऐकायला मिळतं, आणि आमच्या खान्देशाच्या वाट्याला त्यातलं काय येतं, हे नीट पाहावंसं वाटलं.

हंगामापासून सुरुवात करते. अलीकडे ऑक्टोबर संपत आला की मोबाइलवर भोपळ्यांचे दिवे दिसू लागतात आणि ॲपवाले भीतिदायक गोष्टींची मांडणी पुढे करतात. तो अमेरिकेचा हंगाम. इंग्लंडचा जुना हंगाम खरं तर नाताळचा. चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' १८४३ च्या डिसेंबरात आलं, आणि ती मुळात भुतांची गोष्ट आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातले एम. आर. जेम्स नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना खोलीत बोलावून, मेणबत्तीच्या उजेडात, नवी लिहिलेली भूतकथा स्वतः वाचून दाखवत. त्यांचा पहिला संग्रह १९०४ साली छापून निघाला, पण त्यातल्या गोष्टींचा जीव त्या खोलीतला. पुढे बीबीसीने १९७१ पासून नाताळची भूतकथा दूरचित्रवाणीवर आणली तीही याच सवयीच्या आधारावर. कडाक्याची थंडी, लांबलेली रात्र, घरात जमलेली माणसं आणि एकाचा आवाज: एवढं असलं की तिकडे भूतकथेला आणखी काही लागत नसे.

आपल्याकडेही हे सगळं आहे, फक्त त्याला कुणी हंगाम म्हटलं नाही. भाद्रपद वद्य पक्षात पितर घरी येतात. त्याच दिवसांत खान्देशात पोरी गुलाबाई बसवतात, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. म्हणजे दारात पोरींची गाणी आणि छपरावर पितरांचे कावळे, असे ते दिवस. मग सर्वपित्री अमावास्या, नवरात्र, आणि दिवाळीची अमावास्या. दिवाळी म्हणजे दिवे हे खरं, पण दिवे लावावे लागतात ते वर्षातल्या एका फार काळ्या रात्री. आणि मराठी वाचकाला तर दिवाळीबरोबर दिवाळी अंक येतो. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण फराळाच्या ताटाशेजारी गोष्टी वाचत आलो. अनंत अंतरकरांचं 'नवल' तर अद्भुत आणि गूढ गोष्टींसाठीच लोक घेत, 'धनंजय' रहस्य आणि भयकथेसाठी. चकलीचा तुकडा तोंडात आणि पान उलटायची भीती, हे माझ्या लहानपणीच्या दिवाळीचं अगदी पक्कं चित्र आहे. इंग्रजांचा नाताळ तसा आपला दिवाळी अंक. फरक एवढाच की त्यांनी भूतकथा मोठ्याने वाचली आणि आपण ती पांघरुणात, मनातल्या मनात वाचली.

पण खान्देशाला दिवाळीची आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते आमच्या हंगामाची खरी गोष्ट तीच. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. धनत्रयोदशीला तिथे अस्तंबा ऋषींची यात्रा भरते. हा अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. महाराष्ट्रातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून हजारो माणसं, त्यात आदिवासी भाविक सर्वांत जास्त, रात्रीच्या अंधारात मशाली आणि बॅटऱ्या घेऊन ती अवघड चढण चढतात. कपाळावरचा मणी काढून घेतल्यावर जी जखम राहिली ती कधी भरली नाही, आणि तो चिरंजीव असल्यामुळे मरतही नाही. म्हणून तो रानोमाळ हिंडतो आणि भेटेल त्याच्याकडे जखमेवर घालायला तेल मागतो. वाट चुकलेल्या यात्रेकरूला तो वाट दाखवतो, अशीही श्रद्धा आहे. रावेर ओलांडून बऱ्हाणपूरकडे गेलं की असीरगडावर पुन्हा तोच. तिथल्या महादेवाला पहाटे कुणाच्याही आधी ताजं फूल वाहिलेलं असतं आणि ते अश्वत्थामा वाहतो, असं लोक सांगतात.

आता ही गोष्ट दिवाळीशेजारी ठेवून पाहा. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरोघरी अंगाला तेल लागतं. आई पाटावर बसवून डोक्यावर तेल थापते. आणि त्याच आठवड्यात, डोंगरात एक माणूस थोडं तेल द्या म्हणत फिरतो आहे. ज्याने कुणी हे दोन्ही एकाच हंगामात बसवलं त्याला गोष्ट कळत होती. यात रक्त नाही, किंकाळी नाही. भीती आणि कणव एकाच वेळी वाटावी अशी ही गोष्ट आहे, आणि तिच्या मध्यभागी आहे एक आवाज.

आपल्या भुतांत आवाजाची भुतं किती आहेत पाहा. मुंजा पिंपळावर असतो, पण कळतो तो खडे पडल्याच्या आवाजाने. आणि हाकामारी तर नुसती हाक. रात्री दाराबाहेर ओळखीच्या आवाजात नाव घेऊन हाक येते. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दार उघडायचं नाही. तिला चेहरा नाही, कपडे नाहीत. ती कशी दिसते हे कुणीच सांगत नाही, कारण पाहिलेला सांगायला उरत नाही. हाकामारी छापील पानावर आणली की थोडी पातळ होते, कारण पानावर हाक ऐकू येत नाही, हाक आली असं नुसतं कळतं. तीच एखाद्या बाईच्या शांत आवाजात, अंधारात, कानाशी आली तर ऐकणारा दाराकडे बघतो. ऋषिकेश गुप्ते या आजच्या लेखकाने 'हाकामारी' याच नावाने पुस्तक लिहिलं, ते मला फार योग्य वाटतं. मराठी भयकथेची नवी पिढी जुन्या आवाजाकडे परत गेली ही चांगली खूण आहे.

डोळ्याने भीती वाटते ती दिसेपर्यंत. दिसलं की तिला आकार येतो आणि आकाराची सवय होते. कानाला तो आधार नाही. शिवाय डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. पुस्तक वाचताना भीती फार वाटली की आपण नजर उचलतो, खोलीकडे बघतो, दोन ओळी गाळतो. ऐकताना वाचणारा थांबत नाही. तो जिना चढतच राहतो आणि आपल्यालाही चढावा लागतो.

हे रेडिओवाल्यांना फार आधी कळलं होतं. रत्नाकर मतकरींचं नाव आपण गूढकथेशी जोडतो, पण त्यांची सुरुवात कानापासून झाली. 'वेडी माणसं' ही त्यांची एकांकिका १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. त्यांच्या गूढकथा वाचताना मला नेहमी वाटतं की हा माणूस वाक्य लिहिताना ते ऐकत असला पाहिजे. एका कथेचं आणि संग्रहाचं नावच पाहा, 'ऐक टोले पडताहेत'. शीर्षकातच वाचकाला ऐकायला सांगितलं आहे.

कथाकथनाने तेच काम मंचावरून केलं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव गोष्टी सांगत फिरले, तेव्हा लोक घरून चटया घेऊन ऐकायला बसत. मिरासदारांची 'भुताचा जन्म' ही विनोदी कथा, पण भूतकथेबद्दल इतकं खरं फार थोड्यांनी सांगितलं आहे. भूत कुठे जन्मतं? एकाने दुसऱ्याला सांगताना. दर सांगण्यात ते थोडं मोठं होतं. ती कथा छापील वाचून हसू येतं, आणि मिरासदारांच्या तोंडून ऐकलेली माणसं आजही त्यातल्या थांबण्याच्या जागा सांगतात.

बोलकं पुस्तक हा प्रकार जगात आला तो मात्र करमणुकीसाठी आला नाही. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेले सैनिक आणि इतर अंध माणसं यांच्यासाठी ब्रिटनमध्ये १९३५ साली ध्वनिमुद्रित पुस्तकं निघाली, आणि अगदी पहिल्या खेपेत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्य कादंबरी होती. हा तपशील मला फार आवडतो. ज्यांना दिसत नव्हतं त्यांना पहिल्यांदा द्यायला कुणीतरी उत्कंठेची गोष्ट निवडली. माझी आजी मोतीबिंदूने जवळजवळ अंध झाली होती आणि तिला शेवटची काही वर्षं आम्ही पोथीच तेवढी वाचून दाखवली. तिला काय ऐकायचं होतं ते आम्ही विचारलं नाही. सासूच्या आणि भुताच्या गोष्टी सांगताना तिचा चेहरा कसा उजळत असे ते आठवलं की हे राहून गेल्याचं वाईट वाटतं.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ च्या नोव्हेंबरात भारतात आली, आणि आली तेव्हाच तिने इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीही घेतली. मराठी पुस्तक विकत घेणारा वाचक किती, असा प्रश्न नेहमी विचारला जातो, त्या वाचकावर कुणीतरी एवढा भरवसा ठेवला. त्यानंतर कुकू एफएमसारखी ॲपं आली, यूट्यूबवर तर भयकथा वाचणाऱ्यांची रांगच लागली. धारप, मतकरी हे दोघेही आता कानाने वाचता येतात. ज्या धारपांची पुस्तकं आमच्या गावच्या वाचनालयात पाठपोट नसलेली, शेवटची दोन पानं फाटलेली मिळायची, ती आता केळीच्या बांधावर शेवटासकट ऐकता येतात. १९२५ साली जन्मलेले धारप २००८ साली गेले. त्यांची 'आजी' ही गोष्ट मित्राकडून तोंडी ऐकलेल्या एका तरुणाने पुढे 'तुंबाड' हा चित्रपट काढला, तो २०१८ साली आला. म्हणजे धारपांची सगळ्यात दूरवर पोहोचलेली गोष्टसुद्धा आधी कुणाच्या तरी कानातूनच गेली.

ऐकण्याच्या बाबतीत माझी काही ठाम मतं झाली आहेत. पहिलं म्हणजे आवाजांची सजावट. कित्येक यूट्यूब गोष्टींत पहिल्या मिनिटापासून ढग गडगडतात, दार करकरतं, लांडगे ओरडतात. भीती कुठे वाटून घ्यायची हे ऐकणाऱ्याला आधीच सांगून टाकलं की तो सावध होतो आणि गोष्ट मरते. शिवाय ते लांडगे आणि ती करकर परदेशी चित्रपटांतून उचललेली. आमच्या रात्रीला तिचे आवाज आहेत: टिटवी, पिंगळा, मोटारीची एकसुरी घरघर, दूर भुसावळच्या मार्गावरची मालगाडी. टिटवी एकदाच ओरडावी आणि पुढे चार मिनिटं काहीच नको. दुसरं, वाचणाऱ्याने स्वतः घाबरू नये. उत्तम वाचक सपाट नसतो, पण घाबरण्याचं काम तो आपल्यावर सोडतो. तो स्वल्पविरामाला श्वास घेतो, आणि वाईट गोष्ट घडणार त्या वाक्याआधी श्वास घेत नाही. भावाच्या मोबाइलवरचा तो वाचक तसा होता. तिसरं, वेग. पुष्कळ लोक सव्वापट, दीडपट वेगाने ऐकतात. माहितीचं पुस्तक तसं ऐकावं, भयकथा ऐकू नये. भयकथेत थांबणं हाच मजकूर असतो आणि वेग वाढवला की पहिला तोच कापला जातो.

आणि लांबी. अख्खी कादंबरी आठ-दहा तासांची असते, ती तुकड्यातुकड्यांनी ऐकताना भीती दर वेळी पहिल्यापासून साठवावी लागते. रात्री ऐकायला अर्ध्या-पाऊण तासाची कथा उत्तम. जळगावहून धुळ्याला निघालं की पाळधी, एरंडोल, पारोळा करत जेवढा वेळ लागतो त्यात दोन कथा आरामात होतात. एरंडोलला पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असला तर आणखी बरं. एरंडोल म्हणजे पांडवांची एकचक्रानगरी असं आमच्याकडे मानतात आणि जवळच्या पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला मारलं असं दाखवतात. रोज एक माणूस आणि गाडाभर अन्न खाणारा राक्षस, आणि आज घरातल्या कुणाची पाळी हे ठरवणारं कुटुंब: ही भयकथा रस्त्याच्या कडेलाच आहे, पण त्या रस्त्यावर आपण ऐकतो ती गोष्ट मात्र कोकणातली असते.

इथे माझी खरी तक्रार येते. मराठी भूत कोकणात राहतं. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली झी मराठीवर आली आणि मालवणी बोली घरोघरी भीतीची बोली झाली. 'तुंबाड' कोकणातला, २०२४ चा 'मुंज्या' कोकणातला. त्यात वावगं काही नाही, कोकणाने आपली भुतं जपली, सांगितली, त्यांना आवाज दिला. पण त्यामुळे अशी समजूत झाली की भीतीला पाऊस, नारळ-पोफळी, कौलारू घर आणि शेवाळलेली विहीर लागतेच. आमची भीती कोरडी आणि उघड्यावरची आहे. काळ्या जमिनीचा सपाट पट्टा, उन्हाळ्यात भेगाळलेला, मधोमध एकच कडुनिंब. पाणी आटलेली ऐंशी फुटी विहीर. कपाशी वेचून झाल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या. अशा ठिकाणी लपायला जागा नसते, त्यामुळे जे दिसतं ते लांबूनच दिसतं आणि आपल्याकडे चालत येताना दिसतं. कौलारू घरातल्या भुतापेक्षा हे वेगळं भय आहे आणि त्याला आपला कथाकार हवा.

तो नव्हताच असं नाही. धरणगावचे बालकवी ठोंबरे आपल्याला निर्झराचे, फुलराणीचे कवी म्हणून शिकवले जातात. त्यांची 'खेड्यातील रात्र' कधी मोठ्याने वाचून पाहा. उजाड माळ, पडका बुरूज, ओस देऊळ आणि दाट होत जाणारा अंधार. मराठीतल्या उत्तम भयकवितांपैकी ती एक आहे, आणि ती आमच्या मातीतल्या माणसाने लिहिली. १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली त्यांचा ऐन तारुण्यात अंत झाला. रात्रीच्या पॅसेंजरने भादलीवरून जाताना मला ती कविता आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि खान्देशाचं सगळ्यात मोठं साहित्य कानाचंच आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी जात्यावर, शेतात जे म्हटलं ते मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकाराने ते छापलं गेलं. उतरवून घेतलं नसतं तर काहीच उरलं नसतं. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तिच्या प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलं नाही, रात्री म्हटलं आहे. श्याम रोज रात्री मित्रांना एक आठवण सांगतो. भीतीची नाही, मायेची, पण रचना तीच: अंधार, जमलेली माणसं, एक आवाज. त्याच अमळनेरला २०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. एवढा वारसा असलेल्या मुलखात अहिराणीत यूट्यूबवर गाणी आणि विनोद मुबलक आहेत, लग्नसराईत तीच गाणी वाजतात. भयकथेला मात्र अहिराणी अजून फारशी लागलेली नाही. रात्री पुलाखालून "कोन शे रे तठे?" असं कुणी विचारलं तर धुळ्याच्या माणसाला जी शिरशिरी येईल, ती "कोण आहे तिकडे?" या वाक्याने येणार नाही. भीती मातृभाषेत लवकर पोहोचते, कारण ती शिकलो तेव्हा दुसरी भाषा आपल्याकडे नव्हती.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. सातपुड्यात 'डाकीण' हा शब्द गोष्टीतला नाही. तिथे आजारपण, मृत्यू, पीक बुडणं यांचं खापर एखाद्या बाईवर, बहुधा विधवेवर किंवा एकट्या बाईवर, फोडलं गेलं आहे, आणि बायकांना मारहाण झाली आहे, घर सोडावं लागलं आहे, जीवही गेले आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. त्याच समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतर राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. म्हणून चेटकिणीची गोष्ट कानात घालताना मला दर वेळी विचार करावा लागतो. आपल्या भुतांच्या यादीत बायका किती आहेत: हडळ, जखीण, चेटकीण, लावसट. हडळ कोण? बाळंतपणात मेलेली बाई. म्हणजे जिला दवाखाना मिळाला नाही तिलाच आपण पिंपळाखाली उभं केलं आणि तिला घाबरलो.

तरीही भयकथा बंद करा असं मी म्हणणार नाही. गोष्ट आहे हे माहीत असतं तोवर ती माणसाला मोकळं करते. मतकरींच्या कथांत भीती बहुतेकदा माणसाच्या मनातून येते, अपराधातून, लोभातून येते, शेजारच्या म्हातारीतून येत नाही. तसंच अश्वत्थाम्याचं. त्याची भीती वाटते आणि त्याला तेलही द्यावंसं वाटतं. नवीन लिहिणाऱ्यांनी हा धागा धरावा. सातपुड्याच्या पायथ्याशी राहून कुणी बाईला डाकीण ठरवणारी कथा रंगवून वाचत असेल, तर ती मी ऐकणार नाही आणि मुलांनाही ऐकू देणार नाही.

दुसरी अडचण अशी की भीतीची मजा घ्यायला आधी सुरक्षित असावं लागतं. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांनी नरभक्षक बिबट्याची दहशत पाहिली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत मळ्यात जाणाऱ्या कुणी कानात गोष्ट घातली नसेल. भावाचा डावा कान मोकळा होता त्याचं कारण हेच. दिवसा वीज मिळावी म्हणून सौरपंप आणि सौरफिडरची कामं चालली आहेत, ती लवकर व्हावीत. रात्रीच्या पाण्याने गोष्टी दिल्या असतील, पण सर्पदंशही दिले आहेत. गोष्ट घरी, गादीवर पडूनही ऐकता येते.

किंवा भरिताच्या पार्टीला. थंडी पडली की आमच्याकडे मळ्यात भरीत होतं. हिरवी, मोठी वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचायची, वरून शेंगदाणे आणि कांद्याची पात, सोबत कळण्याची पुरी. जेवणं झाली की जाळ सारून शेकायला बसायचं. तिथे आबांना, माझ्या चुलत्यांना, कुणीतरी म्हणतं, आबा, ती तेलाची सांगा.

आबांची गोष्ट थोडक्यात अशी. ते विशीत असताना दिवाळीच्या तोंडावर तेलघाणीवरून शेंगदाण्याच्या तेलाचा डबा घेऊन बैलगाडीने परत येत होते. नाल्याच्या उतारावर बैल थांबले. मागून, अगदी जवळून, कुणीतरी म्हटलं, "थोडं तेल दे, भाऊ." थकलेला आवाज, धमकीचा नव्हे. त्यांच्या आईने लहानपणापासून सांगितलेलं होतं, "मांगे वळीसन दखू नको." त्यांनी न वळता डबा हातात घेतला, झाकण काढलं आणि हात मागे करून तेल ओतलं. ओतत राहिले, जमिनीवर पडल्याचा आवाज येईना. मग बैल आपोआप चालू लागले. सकाळी वडिलांना घेऊन ते तिथे गेले तेव्हा धुळीत तेलाचा मोठा डाग होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

ही गोष्ट मी वीस वेळा तरी ऐकली असेल. तेल कधी अर्धा डबा सांडतं, कधी पाऊण. मुंग्या मात्र दर वेळी असतात, आणि आबा तिथे कधीच काही समजावून सांगत नाहीत. तेल जमिनीवर पडलं की कुणी घेतलं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

गेल्या पौषात मी मोबाइल आबांच्या पायाशी, गोणपाटावर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. सुरुवातीला आबा विचारतात, "चालू शे का ते?" मग खोकतात. मग गोष्ट. वारा मध्येच माइकवर आदळतो, वहिनी कुणाला तरी पाणी देते तेव्हा तांब्या वाजतो, एका ठिकाणी धाकटा भाचा "मग?" म्हणतो आणि त्याची आई त्याला गप्प करते. कुठल्याही स्टुडिओत हे चाललं नसतं. मुंग्यांपाशी आबा थांबतात. त्यानंतर रेकॉर्डिंग आणखी मिनिटभर चालू आहे. त्यात फक्त काड्या तडतडतात. आम्ही अकरा माणसं तिथे बसलो होतो, आणि मोबाइल बंद करायला कुणीच हात पुढे केलेला नाही.